बटाटा शाकाहारी नाही का?

माझी लेक जर्मनीत शिकते. तिच्या खोलीत एक पेरू देशातली आणि एक पोलंडची मुलगी आहे. "बटाटा तर भाजीच, मग तू का खात नाहीस?" हे त्या दोघींना पडलेलं कोडं. पेरू म्हणजे तर बटाट्याचं माहेर. तिथे त्याच्या हजारो जाती पिकतात. त्यात मसाल्याच्या डब्यातली हळद पाहून पोलंडची म्हणाली, "हीसुद्धा जमिनीखालचीच ना?" रात्री लेकीचा फोन, "आई, काय सांगू?"

मी म्हटलं, कंदमूळ अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव. ओली हळद, आलं आपण टाळतोच. वाळली की हळद अचित्त होते, आणि लागतेही चिमूटभर. बटाटा मात्र ठेवला तर त्याला कोंब फुटतात.

फोन ठेवला आणि मलाच रुखरुख लागली. इतकी वर्षं मी तिला "आपल्यात चालत नाही" एवढंच सांगत आले. नियम दिला, कारण दिलंच नाही. नुसता नियम घराच्या उंबऱ्यापर्यंतच पुरतो. म्हणून मला वाटतं, ताटात काय नको हे शिकवताना का नको तेही मुलांना सांगावं.

आता ती तिघींसाठी कच्च्या केळ्याचे काप करते.

जय जिनेंद्र!