ताळेबंद दिवाळखोर, कंपनी मात्र चालू!

देवळाली प्रवरा : व्होडाफोन आयडिया या दूरसंचार कंपनीकडे असलेली ८७ हजार ६९५ कोटी रुपयांची 'एजीआर'ची थकबाकी गोठविण्याचा आणि ती २०३१-३२ ते २०४०-४१ या काळात वसूल करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ डिसेंबर २०२५ रोजी घेतला. या निर्णयाने कंपनीचा एकही नवा ग्राहक वाढला नाही, की तिच्या तिजोरीत एक रुपयाही जमा झाला नाही. तरीही काही महिन्यांपूर्वीपर्यंत 'आता चालणे अशक्य' असे स्वतःच सांगणाऱ्या या कंपनीच्या आयुष्यात एका सहीने काही वर्षांची भर पडली. एखादी बडी तंत्रज्ञान कंपनी बुडणार की तरणार, हे तिच्या ताळेबंदावरून सांगता येते, असे वित्तशास्त्र मानते. व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत ते शास्त्र काय सांगते आणि प्रत्यक्षात वेगळे का घडते, हे पाहण्यासारखे आहे.

राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातील वाचकाला हा विषय फारसा परका वाटू नये. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांतून 'उणे नक्त मूल्य', 'थकहमी', 'पुनर्गठन' हे शब्द येथील सभासदांच्या कानावर वर्षानुवर्षे पडत आले आहेत. राहुरीचा डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे सहकारी साखर कारखाना जिल्हा बँकेच्या थकीत कर्जापोटी बँकेच्या ताब्यात गेलेला येथील शेतकऱ्याने पाहिला आहे. आकडा किती मोठा, यापेक्षा देणे कोणाचे, याला अधिक महत्त्व असते, हे त्याला शिकवावे लागत नाही. दूरसंचार क्षेत्रात या कथेला फक्त चार शून्ये अधिक लागतात.

पाच गुणोत्तरांची कसोटी

न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापक एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ मध्ये ६६ उत्पादक कंपन्यांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या कंपन्या दिवाळखोरीत गेलेल्या होत्या, तर निम्म्या धडधाकट होत्या. या दोन गटांना वेगळे करणारी पाच गुणोत्तरे त्यांनी निवडली, प्रत्येकाला वजन दिले आणि त्यांच्या बेरजेला 'झेड स्कोअर' असे नाव दिले. खेळते भांडवल, साठवलेला नफा, व्याज व करापूर्वीचा नफा आणि विक्री या चार रकमांचे एकूण मालमत्तेशी असलेले प्रमाण, तसेच समभागांच्या बाजारमूल्याचे एकूण देण्यांशी असलेले प्रमाण, अशी ती पाच गुणोत्तरे होत. बेरीज २.९९ पेक्षा अधिक असल्यास कंपनी सुरक्षित, १.८१ पेक्षा कमी असल्यास संकटात आणि अधलीमधली असल्यास संशयास्पद मानली जाते. पुढे बिगर-उत्पादक कंपन्यांसाठी ऑल्टमन यांनी या सूत्रात बदलही केले. तथापि मूळ सूत्र आजही बँकांच्या आणि गुंतवणूकदारांच्या वापरात आहे.

व्होडाफोन आयडियाचा ३१ मार्च २०२५ चा ताळेबंद या कसोटीला लावून पाहू. त्या दिवशी कंपनीचे नक्त मूल्य उणे ७० हजार ३२० कोटी रुपये होते. भागभांडवल सुमारे ७१ हजार कोटी असताना ही स्थिती होती. याचा अर्थ राखीव निधीच्या रकान्यात सुमारे १ लाख ४१ हजार कोटींचा खड्डा होता. एकूण मालमत्ता दोन लाख कोटींहून थोडी कमी धरली, तर हे प्रमाण उणे ०.७ येते. त्याला १.४ ने गुणले, की एका झटक्यात उणे १ पदरी पडते. वर्षाचा महसूल ४३ हजार ५७१ कोटी होता. म्हणजे मालमत्तेच्या प्रत्येक रुपयामागे विक्री सुमारे २२ पैशांची. घसारा वजा जाता व्याजापूर्वीचा नफाही शिल्लक राहत नव्हता. मार्चअखेर समभागाचा भाव सात रुपयांच्या आत होता आणि सर्व समभागांचे बाजारमूल्य ४८ हजार कोटींच्या आसपास भरत होते, तर देणी अडीच लाख कोटींच्या वर होती. या चार गुणोत्तरांचीच बेरीज उणे ०.७ च्या जवळपास येते. खेळते भांडवल उणेच असल्याने पाचवे गुणोत्तर मिळविल्यास आकडा आणखी खाली जातो. ज्या मोजपट्टीवर १.८१ ही धोक्याची खूण आहे, तेथे ही कंपनी शून्याच्याही खाली उभी होती.

अर्थात, मोजपट्टीही तपासून घ्यायला हवी. मूळ सूत्र कारखान्यांसाठी तयार झाले होते. दूरसंचार कंपनीची मालमत्ता म्हणजे बहुतांशी स्पेक्ट्रमचे परवाने. त्यांवर खर्च आधी होतो आणि उत्पन्न पुढची वीस वर्षे येत राहते; त्यामुळे विक्री आणि मालमत्ता यांचे प्रमाण या व्यवसायात एरवीही कमीच दिसते. पण ही सवलत देऊनही फारसा फरक पडत नाही. साठवलेल्या तोट्याला कोणत्याही सूत्रात लपायला जागा नाही.

भाडे कोठे गेले?

ताळेबंद वाचणाऱ्याची सर्वाधिक फसगत होते ती 'एबिटडा' या शब्दापाशी. व्याज, कर, घसारा व तत्सम खर्च वजा करण्यापूर्वीचा हा नफा २०२४-२५ मध्ये १८ हजार १०० कोटींच्या घरात होता. वरकरणी हा आकडा दिलासादायक वाटतो. परंतु नव्या लेखामानकांनुसार मनोऱ्यांचे भाडे हे 'भाडे' म्हणून दाखविले जात नाही. ते घसारा आणि व्याज या दोन रकान्यांत विभागले जाते. जे पैसे दरमहा मनोरा कंपनीला द्यावेच लागतात, ते या नफ्यातून वजाच होत नाहीत. ते वजा केले, की हातात उरणारी रक्कम सुमारे ९ हजार २०० कोटींवर येते. निम्मा नफा केवळ मांडणीतून आलेला असतो, असे म्हणावे लागेल.

आता समोरची बाजू पाहावी. वर्षाचा वित्तीय खर्च २४ हजार कोटींच्या घरात होता आणि निव्वळ तोटा २७ हजार ३८३ कोटी. त्यातच मार्च २०२६ पासून दरवर्षी सुमारे १८ हजार कोटींचा 'एजीआर'चा हप्ता सुरू होणार होता. हातात ९ हजार २०० कोटी आणि एकट्या या हप्त्याची रक्कम त्याच्या जवळपास दुप्पट! सरकारी मदत न मिळाल्यास २०२५-२६ नंतर व्यवसाय चालविता येणार नाही, असे कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये दूरसंचार विभागाला कळविले होते, ते याच गणिताच्या आधारे. झेड स्कोअरपेक्षा हे साधे गुणोत्तर अधिक बोलके आहे. कंपन्या तोट्याने मरत नाहीत, देय दिवशी पैसे नसल्याने मरतात.

ही अवस्था आली कशी, हे वाचकांना बहुतांशी ठाऊक आहे. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये बाजारात प्रवेश केल्यावर दरयुद्ध पेटले. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र आल्या, तेव्हा त्यांच्याकडे चाळीस कोटींहून अधिक ग्राहक होते. मार्च २०२५ पर्यंत ते वीस कोटींच्या आत आले. समायोजित ढोबळ महसुलात, म्हणजेच एजीआरमध्ये, बिगर-दूरसंचार उत्पन्नही धरावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला आणि त्या तिमाहीत कंपनीने ५० हजार ९२१ कोटींचा तोटा जाहीर केला. भारतीय उद्योगजगताने एका तिमाहीत एवढा तोटा तोवर पाहिला नव्हता. हाच निकाल एअरटेललाही लागू होता. त्या तिमाहीत तिचाही तोटा २३ हजार कोटींच्या वर गेला. पण तिने वेळीच बाजारातून भांडवल उभारले आणि चांगले पैसे देणारे ग्राहक टिकवून धरले. न्यायालयाचा निकाल हे एकमेव कारण मानता येत नाही, ते यामुळेच.

धनको कोण, हा खरा प्रश्न

रिलायन्स कम्युनिकेशन्सचे उदाहरण येथे उपयोगी पडते. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीवर सुमारे ४६ हजार कोटींचे कर्ज होते. व्होडाफोन आयडियाच्या देण्यांपुढे ही रक्कम किरकोळ वाटावी. पण ते कर्ज देशी बँका, रोखेधारक आणि चिनी बँकांचे होते. चायना डेव्हलपमेंट बँकेने २०१७ मध्येच राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे दार ठोठावले. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीची मोबाईल सेवा बंद झाली. एरिक्सन या यंत्रसामग्री पुरविणाऱ्या कंपनीनेही आपल्या थकबाकीसाठी अर्ज केला आणि दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होण्यास तो अर्ज कारणीभूत ठरला. ४६ हजार कोटींची कंपनी काहीशे कोटींच्या पुरवठादाराने न्यायाधिकरणात उभी केली.

छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनची गोष्टही याहून वेगळी नाही. तिच्याविरुद्धची प्रक्रिया २०१८ मध्ये बँकांच्या अर्जावरून सुरू झाली. समूहातील १३ कंपन्यांवर मिळून सुमारे ६४ हजार ८०० कोटींचे दावे मान्य झाले आणि त्यांच्या बदल्यात २ हजार ९६२ कोटींचा देकार आला. न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये तो मंजूर करताना बोलीदार जवळजवळ काहीच देत नसल्याची टिप्पणी केली होती. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. रुपयामागे पाच पैसेही न देणाऱ्या या देकाराची आठवण कोणताही बँक अधिकारी विसरलेला नाही.

व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत बँका शहाण्या ठरल्या. त्यांनी आपले पैसे हळूहळू काढून घेतले. मार्च २०२५ अखेर कंपनीवरील बँक कर्ज अवघे २ हजार ३३० कोटी होते, तर स्पेक्ट्रम आणि एजीआरपोटी सरकारचे देणे १ लाख ९० हजार कोटींच्या वर. बँकांचा वाटा सव्वा टक्काही नाही. पुरवठादारांचा धोकाही कंपनीने ओळखला होता. जून २०२४ मध्ये नोकिया आणि एरिक्सन यांना रोखीऐवजी २ हजार ४५८ कोटींचे समभाग देण्याचे ठरले. ज्या एरिक्सनने एका कंपनीला न्यायाधिकरणात नेले, तीच दुसऱ्या कंपनीची भागधारक झाली! न्यायाधिकरणात जाण्याचे कारण असलेला एकच मोठा धनको उरला, तो म्हणजे केंद्र सरकार. आणि सरकारला ते परवडणारे नाही. बाजारात मग खासगी कंपन्या दोनच उरतील, आणि वीस कोटी ग्राहकांची सोय रातोरात कोण लावणार?

झेड स्कोअरच्या सूत्रात धनकोच्या स्वभावाला रकाना नाही. आपल्याकडील कारखान्यांना राज्य सरकारची थकहमी मिळाली, की उणे नक्त मूल्य असूनही धुराडे पेटते. दिल्लीत या थकहमीला वेगळे नाव आहे, इतकेच.

भाव दहा, बाजार सात

या सवलतीची किंमत कोण मोजतो, याची चर्चा मात्र कमी होते. सरकारने २०२३ मध्ये १६ हजार १३३ कोटींच्या व्याजाचे समभागांत रूपांतर केले. मार्च २०२५ अखेर आणखी ३६ हजार ९५० कोटींच्या देण्यांबद्दल दहा रुपये दराने समभाग घेण्याचे ठरले. दर्शनी किमतीपेक्षा कमी दराने समभाग देता येत नाहीत, म्हणून दहा रुपये. बाजारात मात्र तोच समभाग सात रुपयांच्या आत मिळत होता. त्या भावाने या समभागांचे मोल सुमारे २५ हजार कोटी होते. सुमारे १२ हजार कोटींचा फरक सार्वजनिक तिजोरीने पहिल्याच दिवशी सोसला, असा याचा अर्थ होतो. हे देणे एरवीही वसूल झाले नसते, हा सरकारचा बचाव खोटा नाही. पण तो मान्य केला, तर मूळ रक्कम बुडीत होती, हेही मान्य करावे लागते. या व्यवहारानंतर सरकारचा वाटा ४८.९९ टक्क्यांवर गेला. व्यवस्थापन प्रवर्तकांकडेच राहिले. निम्मी मालकी जनतेची आणि लगाम इतरांच्या हाती, ही रचना कंपनीला सरकारी म्हणण्यापासून वाचवते. हिशेबाची जबाबदारी मात्र ती धूसर करते.

लहान भागधारकाचे दुखणे निराळे. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ११ रुपये दराने १८ हजार कोटींचे समभाग विकले. वर्षभरात भाव सातच्या खाली आला. २०२० मध्ये कंपनीचे २ हजार ८७३ कोटी समभाग होते. सरकारला दिलेल्या समभागांनंतर ते १० हजार ८०० कोटींवर गेले. उद्या नफा झालाच, तर तो पावणेचार पट अधिक हातांत वाटला जाईल. 'समभाग स्वस्त आहे' असे सांगून ग्रामीण भागापर्यंत पोचलेल्या सल्लागारांकडून हे गणित सहसा ऐकू येत नाही.

मंत्रिमंडळाच्या डिसेंबरमधील निर्णयाने एजीआरचा मोठा हप्ता पुढे गेला. स्पेक्ट्रमपोटीचे लाखाहून अधिक कोटींचे देणे आपल्या जागी आहे. म्हणून यापुढील तिमाही निकालांत निव्वळ तोट्याचा ठळक आकडा पाहण्यापेक्षा तीन ओळी तपासाव्यात : भाडे वजा जाता उरणारा रोख नफा, त्या वर्षी देय असलेला स्पेक्ट्रमचा हप्ता आणि नव्याने मिळालेले बँक कर्ज. यांतील तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. गेली काही वर्षे बँकांनी हात आखडता घेतला आहे. स्वतःच्या जोखमीवर मोठे कर्ज देण्यास त्या ज्या दिवशी तयार होतील, त्या दिवशी झेड स्कोअर काहीही असो, बाजाराचे मत बदलले असे समजायला हरकत नाही.