सागरकिनाऱ्याला कायदा, नदीकाठाला परिपत्रक

कोडोलीपासून अरबी समुद्र दूर आहे. मध्ये सह्याद्री उभा आहे. त्यामुळे सागरकिनाऱ्याच्या रक्षणाची चर्चा मुंबई-रत्नागिरीकरांनी करावी, पन्हाळा तालुक्याला तिचे काय, असे कोणासही वाटेल. परंतु वारणेला येणारे पाणी त्याच समुद्रावरून उठते आणि सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळते. समुद्र तापत आहे आणि त्याबरोबर पाऊसही आपली रीत बदलत आहे. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्याने त्याचा अर्थ अनुभवला. जुलै २०२१ मध्ये तो धडा पुन्हा गिरवावा लागला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बुडाला आणि वारणाकाठच्या निलेवाडीसारख्या गावांना घरदार सोडून उंचावर जावे लागले.

आता कायद्याकडे पाहू. भरतीचे पाणी जिथवर पोहोचते तिथवरच्या किनाऱ्याला १९९१ सालापासून सागरी नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाचे बळ तिच्यामागे आहे. २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलली गेली, आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरांचा विकासनिषिद्ध पट्टा ५० मीटरांवर आणला गेला, ही खेदाचीच गोष्ट. तरीही त्या किनाऱ्याचा नागरिक न्यायालयात जाऊन एका केंद्रीय कायद्याकडे बोट दाखवू शकतो. नदीकाठच्या नागरिकाने काय दाखवावे? त्याच्या हाती आहे पाटबंधारे खात्याचे १९८९ चे परिपत्रक आणि नकाशावरच्या दोन रेघा. निळी रेघ पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये नियंत्रित. नदीकाठी उद्योगांना मर्यादा घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण होते, तेही २०१५ साली रद्द झाले. ज्यांनी ते रद्द केले त्यांना हे सांगण्याचा संकोच आपल्याच माणसांनी करण्याचे कारण नाही.

‘नियंत्रित’ या शब्दाचा अर्थ २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत पाहावा. तांबड्या रेषेच्या पातळीहून जोत्याची उंची ०.४५ मीटर अधिक ठेवली की दोन रेषांच्या मध्ये घर बांधता येते. एकट्या घरापुरता हा उपाय बिनतोड. परंतु प्रत्येकाने आपापला भूखंड मुरूम टाकून उंच केला, तर त्या जागी मावणारे पाणी कोठे जाईल? शेजारच्या जुन्या घरात. ज्याच्यापाशी भरावासाठी पैसा आहे तो सुरक्षित आणि ज्याच्यापाशी नाही तो छावणीत, असा हा न्याय आहे. महामार्गाच्या आणि पुलांच्या भरावांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले.

या जागी अलमट्टीचे नाव निघणार, हे ठरलेले. कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये त्या धरणाला ५२४.२५६ मीटरपर्यंत उंचीची मुभा दिली. सध्याची उंची ५१९.६० मीटर आहे. वाढीला महाराष्ट्राने सर्व शक्तीने विरोध करावा, यात दुमत नाही. मात्र २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही मूळ कारण अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अडथळे यांतच पाहिले. अलमट्टीने कोल्हापुरात कोणाला बांधकाम परवाना दिलेला नाही. आपल्या हद्दीतील ओढ्यांच्या मुखाशी पडलेला राडारोडा विजापूर जिल्ह्यातून आलेला नाही.

खरे दुःख निराळे आहे. पुराशी कसे वागावे हे या भूमीला ठाऊक होते. नृसिंहवाडीला पाणी चढते, पादुकांवरून वाहते, दक्षिणद्वाराचा सोहळा होतो आणि उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात नेली जाते. देवच नदीला वाट देतो. मळीच्या जमिनीत पीक घ्यावे आणि घर माळावर बांधावे, हे तेथील शेतकऱ्याला कोणी शिकवले नव्हते. वारणानगरही माळावरच उभे राहिले. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लावणारा समाज त्याच नदीच्या पात्रात भराव पडताना गप्प कसा राहतो? मातेला ओवाळायचे आणि तिचे अंगण विकायचे, ही कोणती भक्ती?

पुराच्या दिवसांत होडीतून भाकरी पोहोचवणारे, गुरांना चारा देणारे, गाळ उपसणारे तरुण या जिल्ह्याने पाहिले. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण मदतकार्य आठ-पंधरा दिवसांत संपते. आराखड्यावरील हरकतींची मुदत मात्र कडक उन्हाळ्यात, कोणाच्या ध्यानात नसताना निघून जाते. तेथे हजर राहणारे असतात ते जमिनीचे व्यवहार करणारेच. जागतिक बँकेच्या साहाय्याने पूरनियंत्रणाची मोठी योजना कृष्णाखोऱ्यासाठी आखली गेली आहे. पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची कल्पना आकर्षकही आहे. परंतु बोगदे आणि कालवे तयार होण्यास वर्षे लागतात, आणि त्यांच्या भरवशावर काठ आणखी भरला गेला तर पुढचा पूर त्यांची वाट पाहणार नाही.

कोडोली आज नावाला खेडे आहे. बाजार, शाळा-महाविद्यालये, शेजारचा कारखाना यांमुळे ती शहराच्या वाटेवर आहे आणि जमिनीचा भाव त्याच वाटेने चालला आहे. कोल्हापूर शहराला आता काठ मोकळा करण्यासाठी घरे हलवावी लागतील. वारणाकाठी तो अद्याप बराचसा मोकळा आहे. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची खूण प्रत्येक शाळेच्या आणि देवळाच्या भिंतीवर रंगवावी. ओढ्यांची मुखे मोजून त्यांची हद्द कायम करावी. काठावर उंबर, करंज, जांभूळ आणि बांबू लावावेत. आणि निळी-तांबडी रेषा गटनंबरानुसार सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवावी, म्हणजे भूखंड घेणाऱ्याला फसवता येणार नाही. या शेवटच्या मागणीचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडण्यास ना लवादाची अनुमती लागते, ना जागतिक बँकेची.