हेडर कुठाय?

"मामा, हेडर घेतोय," भाच्यानं चपला काढायच्या आधीच जाहीर केलं. त्याची पोलो 2021 सालची, 1.0 टीएसआय, 110 पीएस. मोबाइलवर इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या चकचकीत स्टीलच्या तीन नळ्यांचा फोटो, टोकाला एकात एक गुंफलेल्या. किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.

"आधी बॉनेट उघड."

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या बोळात मे महिन्यात दिवस मावळला तरी फरशी तापलेली असते. टॉर्च घेऊन दोघं वाकलो. "दाखव, तुझा हेडर कुठं बसवणार?" बराच वेळ शोधूनही त्याला जागा सापडेना. सापडणार नव्हतीच. फोक्सवॅगनच्या या इंजिनात तिन्ही सिलिंडरच्या धुराच्या वाटा हेडच्या पोटातच एक होतात, त्यांच्याभोवती कूलंट फिरतं आणि टर्बो थेट हेडवर बोल्टांनी आवळलेला असतो. मध्ये बदलायला नळीच नाही! विकणारा ज्याला हेडर म्हणत होता, तो कदाचित टर्बोच्या पुढचा डाउनपाइप असेल. बीएस-6 गाडीत तिथंच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काढला की डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा, पीयूसीची कटकट, आणि कलम 190(2) प्रमाणे 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आवाजाची हौस म्हणावी, तर टर्बोची चक्की बराचसा आवाज आधीच गिळून बसते.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. माझी जुनी ऑक्टाव्हिया आरएस, 1.8 लिटर, 150 पीएस. तिला मात्र धूर गोळा करणारं बिडाचं वेगळं मॅनिफोल्ड आहे, ओबडधोबड आणि जड. तरुणपणी मला ते बघवेना. एकाकडून स्टीलचा हेडर करून घेतला, चारही नळ्या सारख्या लांबीच्या. तर्क चुकीचा नव्हता. या इंजिनाचा फायरिंग क्रम 1-3-4-2. नळ्या नीट आखल्या तर एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत आडवा येत नाही, आणि टर्बाइनला एकामागून एक मोजून धक्के मिळतात. आमच्या ग्वाल्हेरच्या छोट्या रेल्वेचं वाफेचं इंजिनही सुटलेली वाफ वाया घालवत नसे. तीच वाफ धुराड्यातून फेकून ते भट्टीतला जाळ ओढून घेई. टर्बो म्हणजे त्याच चिकटपणाची पुढची पिढी.

मी विसरलो ती उष्णता. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असलं की धूर 900 अंशांच्या घरात जातो. 300 मिलिमीटरची स्टेनलेस नळी 800 अंशांपर्यंत तापली की चारेक मिलिमीटर वाढते. बीड त्याहून कमी वाढतं. इकडे ज्या ॲल्युमिनियमच्या हेडला ती बांधलेली, ते पाण्यानं थंड. नळीला वाढायचंय, हेड सोडत नाही, आणि वर टर्बोचं वजन लोंबकळतंय. एकदा झाशीच्या वाटेवर, दतियाच्या अलीकडे, बॉनेटखालून 'फुस्स फुस्स' सुरू झालं. ॲक्सिलरेटर दाबला तरी बूस्ट येईना. गाडी बैलगाडीसारखी चालली. जिथं चार नळ्या एकत्र येतात, तिथल्या वेल्डिंगच्या कडेनं केसाएवढी चीर पडली होती. टर्बाइन फिरवायचा धूर आधीच बाहेर.

ट्रान्सपोर्टनगरातल्या मिस्त्रीनं ती चीर बोटानं चाचपली आणि विचारलं, "भाईसाहब, इसको लटका किसके भरोसे रखा था?" टर्बोला खालून ब्रॅकेटच नव्हता. नळीही बहुधा पातळ पत्र्याची, वेल्डिंग कोणाचं देव जाणे. आर्गन वेल्डिंग, जाड नळी, न वाकणारी फ्लँज, ब्रॅकेट, हे सगळं जमलं तर हेडर टिकतो. पण तेवढे पैसे असतील तर आधी टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर घ्यावा, असं माझं मत. आमच्याकडे 45 अंशांच्या उन्हात टर्बो चोखतो ती हवाच उकळलेली.

बिडाचं मॅनिफोल्ड परत बसवलं, ते आजपर्यंत आहे.

"मग मी काय घेऊ?" भाच्यानं विचारलं.

"चांगले टायर."

त्याला ते अजिबात पटलं नाही. माळ्यावर चढून त्यानं माझा फुटका हेडर मात्र खाली काढला, काजळी झटकली आणि घेऊन गेला. त्याचा टेबल लँप करणार आहे म्हणे.