जुनी जीप आणि घरची देखभाल

मृग लागण्यापूर्वीं वखर, पांभर, तिफण, शिवळा हें सर्व अंगणांत काढून एकदां डोळ्यांखालून घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. वखराच्या पासेस धार आहे कीं नाहीं, बैलगाडीचा आंस वंगणावांचून कोरडा तर पडला नाहीं, हें पाहिल्याशिवाय आपले वडीलधारे पेरणीस हात घालीत नसत. त्याच अंगणांत छपराखालीं जी जुनी जीप उभी असते तिच्या वाट्यास मात्र ही काळजी येत नाहीं. सुरू होते तोंपर्यंत ठीक, न झाली म्हणजे मिस्त्र्यास बोलावणें धाडावें, एवढेंच तिच्याविषयीं आपलें धोरण.

यावल तालुक्याची उत्तरेची बाजू सातपुड्याच्या पायथ्यास लागून आहे. तिकडे नाले, गोटे आणि उतार. दक्षिणेस तापीकडे येऊं लागलों म्हणजे काळी जमीन, जी पावसाळ्यांत पायांतील वहाण ओढून घेते. अशा दोन्ही जागीं चारी चाकें ओढणाऱ्या गाडीची योग्यता ज्यानें ती वापरली त्यासच कळते. ठिबकच्या नळ्या, पोटॅशचीं पोतीं, विहिरींतून काढलेली मोटर, केळीचीं रोपें आणि माणसें, हें सर्व ती मुकाट्यानें वाहते. नवी घ्यावी तर किंमत आवांक्याबाहेरची, जुनी विकावी तर हातीं येणारी रक्कम क्षुल्लक. तेव्हां आहे तीच चालविणें हा बहुतेकांचा निर्णय असतो, आणि माझ्या मतें तो योग्यही आहे. प्रश्न एवढाच कीं, ती चालवावी कशी.

ही गाडी शेतकऱ्यास परकी नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत ती अमेरिकन सैन्यासाठीं निघाली. परंतु युद्ध संपतांच १९४५ सालीं विलिस कंपनीनें तिचें नागरी रूप बाजारांत आणलें, तें मुख्यत्वें शेतकरी गिऱ्हाइकासाठीं. नांगर ओढणें, पट्टा लावून यंत्र फिरविणें, अशीं कामें ती करील, हीच तिची त्या काळची जाहिरात होती. आपल्याकडे १९४७ सालापासून महिंद्रा कंपनी मुंबईस तिची जुळणी करूं लागली. पुढें १९७० च्या दशकांत पेट्रोल महागलें तेव्हां इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यांतील डिझेल इंजिन जीपमध्यें आलें, आणि १९८० च्या दशकांत निघालेल्या एम. एम. ५४० या गाडींत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या नमुन्याचें इंजिन बसलें. आज आपल्या छपरांखालीं ज्या जुन्या गाड्या दिसतात त्या बहुशः या दोन डिझेल पिढ्यांतील होत.

ट्रॅक्टरशीं असलेल्या या नात्यामुळें एक समज मात्र फार घट्ट रुजला आहे. जीपचें इंजिन ट्रॅक्टरचें, म्हणून जीपही ट्रॅक्टरच. जें ट्रॅक्टरला चालतें तें हिलाही चालेल. हा समज अर्धा खरा आहे, आणि खोट्यापेक्षां अर्धें खरेंच अधिक घातक होतें. त्याचें फळ मीं भोगलें, किंबहुना दुसऱ्यास भोगावयास लाविलें. तें लपवून या विषयावर लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं श्रावणांत ब्रेकच्या डब्यांतील तेल खालीं गेलेलें दिसलें. ब्रेकचें तेल त्या दिवशीं गांवांत मिळेना. घरांत ट्रॅक्टरच्या लिफ्टचें तेल होतें. तेंही हायड्रॉलिक, हेंही हायड्रॉलिक, असा हिशेब करून मीं तें ओतलें. आठ दिवस गाडी चालली. मात्र ती जड ओढूं लागली, आणि एकदां खालीं उतरलों असतां पुढच्या चाकापाशीं जळका वास आला. पावसाळ्याचे दिवस, कोठें कांहीं चिकटलें असेल, म्हणून मीं तिकडे दुर्लक्ष केलें. त्यानंतर एके सायंकाळीं निंदणीच्या चार बाया व दोन गडी मागें बसवून पायथ्याच्या शेतांतून परततांना नाल्याच्या उतारावर ब्रेकवरचा पाय थेट तळाशीं गेला. गिअर खालचा होता म्हणून वेग बेताचा होता. मीं गाडी बांधावर घातली. ती उलटली नाहीं, परंतु एका बाईचा हात मनगटाजवळ मोडला व दोन महिने तिला कामास जातां आलें नाहीं. तिची मजुरी व औषधपाणी मीं दिलें, यांत विशेष कांहीं केलें असें नाहीं. एका हातानें चूल पेटविण्याची भरपाई पैशानें होत नसते.

मिस्त्र्यानें चाकें उघडलीं तेव्हां आंतल्या रबरी वाट्या फुगून मऊ पडल्या होत्या. त्यानें एक वाटी माझ्या तळहातावर ठेवली व एवढेंच विचारलें, “आबा, यांत तुम्ही काय टाकलं होतं?”

घडलें तें असें. या गाड्यांतील ब्रेकचें तेल ग्लायकॉल जातीचें असतें, आणि वाट्यांचें रबर त्याच तेलास सोसेल असें केलेलें असतें. ट्रॅक्टरच्या लिफ्टचें तेल खनिज होय. तें त्या रबरांत मुरतें व रबर फुगतें. फुगलेली वाटी प्रथम मागें सरकत नाहीं, म्हणून पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो; गाडी जड ओढते, चाक तापतें, वास येतो. मग वाटीची कड निकामी होते आणि दाब धरवत नाहीं. एकदां असें तेल आंत गेलें म्हणजे नुसतें तें काढून भागत नाहीं, सर्व रबरें बदलून नळ्या धुवाव्या लागतात. शिवाय योग्य तेल असलें तरी तें कायमचें नव्हे. तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ओल धरलेलें तेल लांब उतारावर चाकें तापलीं असतां उकळी धरतें. दोन वर्षांनीं तें सबंध बदलावें. माझ्या गाडींतील किती वर्षांचें होतें हें सांगावयाची मला लाज वाटते.

या प्रसंगानंतर कित्येक स्नेह्यांनीं उपदेश केला कीं, शेतकऱ्यानें गाडीस हातच लावूं नये. ज्याचें काम त्यानें करावें. हें मला मुळींच मान्य नाहीं. मिस्त्री गाडी पाहतो ती मोडल्यावर. मालक तिला रोज पाहतो. तो जळका वास मला आला होता, मिस्त्र्यास नव्हे. त्या वासाचा अर्थ मला कळला असता तर बाईचा हात मोडला नसता. तेव्हां दोष हातांचा नसून हातांना न शिकविल्याचा आहे. बैलाच्या डोळ्यांत पाणी आलें तर आपण ओळखतों, केळीचें पान कडेनें पिवळें पडलें तर ओळखतों. तीच नजर गाडीस लावण्यास आपणांस कोणी मनाई केलेली नाहीं.

आतां घरीं काय करतां येईल तें सांगतों. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम हवेच्या गाळणीचें. जुन्या जीपमध्यें ती बहुधा ट्रॅक्टरप्रमाणेंच तेलाच्या वाटीची असते. वैशाखांत शेतरस्त्यांवर जी धूळ उडते ती इंजिनांत गेली तर आंतून घासपट्टीचें काम करते. त्या दिवसांत आठवड्यास एकदां वाटी उघडून गाळ काढावा व नवें तेल खुणेपर्यंतच भरावें. दुसरें पाण्याचें. आपल्या कूपनलिकांचें पाणी जड आहे. तांब्याभांड्यांवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मग भर उन्हांत इंजिन तापतें आणि आपण दोष उन्हास देतों. रेडिएटरमध्यें क्षाररहित पाणी व कूलंट यांशिवाय कांहीं घालूं नये, आणि इंजिन तापलें असतां झांकण कदापि उघडूं नये.

खतांचीं पोतीं वाहणाऱ्या गाडीस एक निराळा रोग होतो, ज्याकडे शहरी मिस्त्र्याचें लक्ष जात नाहीं. केळीस पोटॅश भरपूर लागतें, व तें पोत्यांतून सांडतें. हा क्षार ओल धरून बसतो आणि गाडीची तळपाट व खालची चौकट कुरतडूं लागतो. वरून रंग चकाकत असतो, खालून पत्र्याची चाळण झालेली असते. खत उतरविल्यावर त्याच दिवशीं दोन बादल्या पाणी तळावर मारावें, पाणी निघून जाण्याचीं छिद्रें मोकळीं आहेत हें पाहावें व गाडी वाळवावी. एवढ्यानें गाडीचें आयुष्य वाढतें, हें मी स्वानुभवानें सांगतों.

चारी चाकांच्या ओढीविषयीं दोन गोष्टी. या जुन्या गाड्यांत पुढची ओढ घातली म्हणजे पुढचा व मागचा असे दोन्ही दंड सारख्याच वेगानें फिरतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांस मागच्यांहून अधिक अंतर तोडावें लागतें. चिखलांत चाक थोडें घसरतें व ताण निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तें घसरत नाहीं, म्हणून सारा ताण दांत्यांवर व क्रॉसवर येतो. सबब चिखल संपतांच ओढ काढून टाकावी. याच कारणास्तव चारी टायर सारख्या घेराचे असावेत. मागें नवे व पुढें गुळगुळीत घालण्याची आपली काटकसर महाग पडते. तथापि ओढ वर्षभर न वापरतां ठेवणेंही वाईट. महिन्यांतून एकदां मऊ जमिनीवर ती घालून थोडें चालवावें, म्हणजे आंतील भागांस वंगण लागतें. पुढच्या चाकांमागें दिसणाऱ्या गोळ्यांतून ग्रीस बाहेर येत असेल तर तेथूनच चिखल आंत जात आहे असें समजावें. पाटे, क्रॉस व स्टिअरिंगचे सांधे यांस ग्रीसगननें वंगण देणें हें तर घरच्या पोराचें काम आहे. मात्र नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणासही जाऊं देऊं नये. खालीं लोखंडी घोडी किंवा जाड ओंडके असल्याशिवाय चाक काढूं नये.

गाडी सुधारण्याची हौस तरुणांत फार आहे, व ती मला ठाऊक आहे, कारण ती माझ्याच घरांत आहे. मोठाले टायर, उंचावलेली गाडी, कपाळावर दिव्यांची माळ, कोणी तर इंजिनच दुसरें. आंखूड गाडी उंच केली म्हणजे ती बांधावर लवकर कलंडते, हा तिचा साधा स्वभाव आहे. कायद्याचेंही पाहिलें पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींतील मूळ तपशीलाशीं विसंगत बदल करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हीच गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनीं तपासणी करून नवी करावी लागते. तिचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेलें, आणि २० वर्षांवरील गाड्यांस २०२५ सालीं तें आणखी वाढविण्यांत आलें. एवढें भरून गाडी तपासणीस न्यावयाची तर तेथें ब्रेक पाहतात, दिव्यांची माळ नव्हे.

खर्चच करावयाचा तर तो अशा जागीं करावा. फार जुन्या जीपमध्यें चारी चाकांच्या ब्रेकचा मार्ग एकच असतो. एक नळी फुटली कीं चारीही गेले. त्या जागीं दोन स्वतंत्र मार्गांचा सिलिंडर बसवितां येतो. तो जाणत्याकडूनच बसवावा व परिवहन कचेरींत आधीं विचारून घ्यावें, पण बसवावा. डायनॅमोच्या जागीं अल्टरनेटर आल्यास रात्रीं नाल्यांत दिवे मंदावत नाहींत. पुढच्या बैठकींस पट्टे घालावेत. त्या अपघातानंतर मीं मागच्या बैठकींच्या वर दोन्ही बाजूंस धरावयाचे दांडे बसविले आणि उतारावर मागें माणसें बसविणें बंद केलें. नाल्यापाशीं सर्वांनीं उतरावें, पलीकडे पुन्हां बसावें. घरच्या पोरांस हें हास्यास्पद वाटतें. त्या बाईस वाटत नाहीं.

शेवटीं आपल्या संस्थेस एक विनंती. खत व औजारें यांसाठीं आपण सभासदांच्या बैठका भरवितों. त्याचप्रमाणें दरसाल मृगापूर्वीं दोन दिवस जुन्या गाड्यांच्या देखभालीचा वर्ग भरवावा. जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल यंत्रांचें शिक्षण देतात. तेथील एखादा शिक्षक व गांवचा एक अनुभवी मिस्त्री एवढे पुरेत. प्रत्येकानें आपलीच गाडी आणावी, तीच उघडावी, व ब्रेकमधील हवा काढण्याचें काम घरच्या दुसऱ्या माणसासह शिकावें, कारण तें एकट्यानें होणारें नव्हे. आणि संस्थेच्या भांडारांत ब्रेकच्या तेलाचे लहान डबे बारमाही ठेवावेत. ते लिफ्टच्या तेलाच्या पिंपाशेजारीं न ठेवतां निराळ्या फळीवर ठेवावेत, व फळीवर काय आहे तें मराठींत मोठ्या अक्षरांत लिहावें. त्या पाटीचा व पहिल्या डझनभर डब्यांचा खर्च मी देण्यास तयार आहे.