रिस्टोअर करायचं, पण कोणत्या तारखेपर्यंत?

गेल्या दिवाळीत मी एक गाढवपणा केला. सांगायला लाज वाटते, पण सांगतो, कारण आजचा सगळा लेख त्या गाढवपणावरच उभा आहे.

आमच्या भूमच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांची राजदूत उभी होती. १९८६ ची, १७५ सीसी, टू स्ट्रोक. बंद पडून तेराचौदा वर्षं झालेली. टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांचा संसार, मागचा टायर जमिनीला चिकटलेला. मी पुण्यात बसून वर्षभर रिस्टोरेशनचे व्हिडिओ बघत होतो. शोरूममधून आत्ताच बाहेर आली असं वाटणाऱ्या चकचकीत गाड्या! म्हणलं, आपणही करायचं. दिवाळीची सुट्टी, वर दोन दिवस रजा, नवा कोरा पाना-सेट आणि भाड्यानं आणलेला ग्राइंडर. अण्णा एका लग्नाला बार्शीला गेलेले. म्हणजे मैदान मोकळं.

पहिल्याच दिवशी मी मागचा कॅरियर कापायला घेतला.

तो कॅरियर काही कंपनीचा नव्हता. लोखंडी अँगलचा, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला, आणि दोन्ही बाजूंना जाड सळईचे वाकवलेले हूक. दुधाचे कॅन अडकवायला. दिसायला अगदीच गबाळा. मी जुने फोटो बघितले होते, 'ओरिजिनल' राजदूतला असलं काही नसतं. एक हूक कापून झाला, दुसऱ्याला हात घालणार तोच अण्णा आले. रागावले नाहीत. खाली पडलेला हूक उचलला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "मग कॅन आता कुठं आडकवायचा?"

दूध बंद करून त्यांना बारा वर्षं झाली आहेत. कॅन अडकवायचा प्रश्नच नव्हता. पण मला उत्तर देता येईना. ग्राइंडर बंद केला आणि आत जाऊन चहा प्यायलो. :)

ज्यांना भूम माहीत नाही त्यांच्यासाठी (पुण्यात नेहमी "भोर का?" असं विचारतात) थोडी माहिती. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बालाघाटाचा डोंगराळ भाग, पाऊस बेताचा, रेल्वे नाही. शेतीचा भरवसा नाही म्हणून दुभती जनावरं, आणि दूध फार वेळ टिकत नाही म्हणून खवा. पाच लिटर दूध आटवलं की साधारण किलोभर खवा होतो, जास्त टिकतो आणि लांब पाठवता येतो. कुंथलगिरीचे पेढे ऐकले असतील, ते कुंथलगिरी आमच्याच तालुक्यात. पण दूध भट्टीपर्यंत पोचणार कसं? वाड्यावस्त्यांवरून, खडीच्या रस्त्यानं, उन्हं चढायच्या आत. अण्णा पहाटे चारला निघायचे. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास वजन, आणि वर अण्णा. हे सगळं त्या सळईच्या दोन हुकांवर चालायचं. आमचं घर, माझं इंजिनिअरिंग, सगळं.

असो. फार सेंटी व्हायला नको. मुद्दा वेगळाच आहे.

रिस्टोअर म्हणजे आधीच्या स्थितीत परत नेणं. मान्य. पण आधीच्या म्हणजे कधीच्या? आपण सॉफ्टवेअरवाले बॅकअप रिस्टोअर करतो तेव्हा पहिला प्रश्न काय असतो? कोणत्या तारखेचा? तारीख न विचारता कुणी रिस्टोअर मारला तर आपण त्याला सर्व्हरच्या जवळ फिरकू देणार नाही. आणि गाडीच्या बाबतीत मात्र सगळे न विचारताच एक तारीख धरून चालतात: गाडी शोरूममधून निघाली तो दिवस. ह्या गाडीच्या चाळीस वर्षांतला तो फक्त एक दिवस. तेव्हा तिनं कुणाचंच काही काम केलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या दिवसांना आपण गंजाबरोबर घासून टाकतो.

आणि 'ओरिजिनल'च म्हणाल तर राजदूतचं मूळ पोलंडमध्ये आहे. तिथल्या एसएचएल एम-११ ह्या गाडीवरून एस्कॉर्ट्सनं ती आपल्याकडं बनवायला घेतली. मग हिंदी सिनेमातल्या धर्मेंद्रनं तिची जाहिरात केली, आणि गावोगावच्या दूधवाल्यांनी तिच्यावर आपापले कॅरियर चढवले. आमच्याकडं आली तेव्हाच ती एक कस्टमाइझ झालेली गाडी होती! मग पोलंडपर्यंत मागं जायचं, फरिदाबादच्या कारखान्यापर्यंत, की भूमच्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत?

माझं मत: गाडी जेव्हा सगळ्यात जास्त कामाची होती, ती तारीख धरावी. आमच्या राजदूतसाठी मी १९९५ धरलं. त्या वर्षी ती रोज दोन फेऱ्या करायची.

आता ह्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. दोन्ही माझ्या मित्रांनीच घेतले.

पहिला मित्र शुद्धतावादी. तो म्हणतो, प्रत्येकानं असं 'माझ्या बापाचा कॅरियर' करत ठेवलं तर कंपनीनं गाडी कशी बनवली होती हे पुढच्या पिढीला दिसणारच नाही. मुद्दा खोटा नाही. फार थोड्या उरलेल्या गाड्या नटबोल्टापर्यंत मूळ रूपात राखायलाच हव्यात. सरकारही त्याच्याच बाजूचं आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आमची गाडी २०३६ मध्ये पन्नाशीची होईल आणि तेव्हा ह्या हुकांमुळं कदाचित तिला तो मान मिळणार नाही. न मिळो. राजदूत काही दुर्मीळ नाही. हे हूक मात्र जगात दोनच होते, आणि त्यातला एक मी कापला.

दुसरा मित्र उलट्या टोकाचा. त्याला फ्रेम मागून कापायची आहे, हँडल खाली, सायलेन्सर मोकळा, कॅफे रेसर! त्याला माझं म्हणणं एवढंच, की बाबा, जुना लूक आणि नवं इंजिन हवं असेल तर ते दुकानात तयार मिळतं. जावा २०१८ मध्ये परत आली, येझदी २०२२ मध्ये. ईएमआयवर घे आणि मजा कर. जुनी गाडी हातात घ्यायची ती 'ही' गाडी हवी असते म्हणून, 'अशी' गाडी हवी असते म्हणून नाही. शिवाय कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल बघ. उत्पादकानं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. कापलेली फ्रेम घेऊन रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करायला गेलास की कळेल.

मग मी काय केलं? थोडक्यात सांगतो, म्हणजे कुणाला शेडमधली गाडी खुणावत असेल तर उपयोग होईल.

पहिलं, कागद. पाना हातात घ्यायच्या आधी आरसी बुक शोधा. चासी आणि इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या आणि आरसीशी ताडून बघा. सँडब्लास्टिंग आणि पॉलिशच्या नादात नंबर घासला गेला तर ती गाडी नाही, भंगार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीला ३०० ची १००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकींसाठी २०००. वर पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट. तीन अक्षरांचा जुना नंबर नव्या प्लेटवरही तोच राहतो. मला त्याचा उगाचच आनंद झाला.

दुसरं, जीवाशी संबंधित कोणत्याही भागावर प्रेम करायचं नाही. ब्रेक शू, टायर-ट्यूब, सगळ्या केबल, वायरिंग, चेनसेट, सगळं नवं. १९९५ चे ब्रेक १९९५ मध्येच बरे होते. हे सामान मी नाना पेठेत तीन शनिवार फिरून जमवलं.

तिसरं, इंजिन ओळखीच्या मिस्त्रीकडंच. आमचे मिस्त्रीचाचा सत्तरीचे आहेत, राजदूतचा आवाज ऐकून पॉइंटचा गॅप सांगतात. त्यांनी बोअर बार्शीच्या लेथवर मारून आणायला लावला, ओव्हरसाइज पिस्टन टाकला, क्रँकचे बेअरिंग बदलले. सायलेन्सरमधला कार्बन कॉस्टिक सोड्यानं काढला. मी फक्त पाने पुसायचं काम केलं. मी अकरा महिन्यांत जे शिकलो ते त्यांना हातानं माहीत आहे आणि कुठं लिहिलेलं नाही. दुकानात शिकाऊ पोरगं नाही. गाडीपेक्षा मला ह्याची जास्त काळजी वाटते.

चौथं, पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर खराब करतं. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पुन्हा गंज धरतो. म्हणून पेट्रोलचा पाइप आणि कॉकमधले वॉशर इथेनॉल सोसणारे बसवले, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवायचा. ऊस आमच्याच जिल्ह्यात, इथेनॉलही त्याचंच, तेव्हा तक्रार तरी कुणाकडं करणार!

आणि पाचवं, परत फिरवता येणार नाही असं काही करायचं नाही. ग्राइंडर तर नाहीच.

हूक? ज्यांनी तो कॅरियर केला होता ते आता नाहीत, दुकान मुलगा चालवतो. मी कापलेला तुकडा घेऊन गेलो. त्यानं बघताक्षणी ओळखलं, "हे वाकवणं आमच्या वडलांचं आहे." त्यानं जोडून दिला. जोड स्पष्ट दिसतो. मी त्याच्यावर रंग मारू दिला नाही. आता पूर्ण कॅरियर बोल्टनं बसतो, उद्या माझ्या मुलीला नको असेल तर तीन पान्यांत निघेल. टाकीवर अण्णांच्या गुडघ्यानं उडालेला रंगही तसाच ठेवलाय, वर फक्त लॅकर.

एक कबूल करायला हवं. टू स्ट्रोक गाडी पेट्रोलबरोबर ऑइलही जाळते आणि धूर सोडते. ती रोज ऑफिसला न्यायची गाडी नाही आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तिला आणायचा माझा विचारही नाही. ती भूमलाच राहील. माझे पुण्यातले मित्र गावाकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात उचलून आणतात आणि बाल्कनीखाली झाकून ठेवतात, ते मला पटत नाही. तिथं तिची माणसं आहेत, तिथंच तिचा मिस्त्री.

गेल्या महिन्यात ती सुरू झाली. चौदाव्या किकला. अण्णांनी एक चक्कर मारली, कुंथलगिरीच्या रस्त्यानं. परत आले तेव्हा उजव्या हुकाला कापडी पिशवी लटकत होती. आत अर्धा किलो पेढे आणि आईनं सांगितलेली कोथिंबीर.

म्हणजे अडकवायला काहीतरी सापडलं. :)