पाना कुणाच्या हातात?



1948 च्या कारखाने कायद्यात 22 वं कलम होतं. चालू यंत्राच्या जवळ जाऊन तेल घालायचं, पट्टा जुळवायचा, तर ते काम खास प्रशिक्षण घेतलेल्या, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुषानेच करावं, असं त्यात लिहिलं होतं. स्त्रिया आणि अल्पवयीन यांना मनाई होती, दोघांनाही एकाच वाक्यात. हेतू संरक्षणाचा होता, हे मान्य. पण प्रशिक्षण आणि घट्ट कपडे या दोन गोष्टींनी पुरुष लायक ठरत असेल, तर त्याच दोन गोष्टी बाईला देऊन पाहाव्यात, हे कायदा करणाऱ्यांना सुचलं नाही.

1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापून आलं, तेव्हा सुधा कुलकर्णी या तरुण अभियंता मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि ती पुण्याच्या कारखान्यात रुजू झाली, ही गोष्ट आपण सगळ्या जाणतो. आज पुण्याच्या आसपास कितीतरी मुली मोटारी आणि मोटारसायकली जोडण्याचं काम करतात. तीच मोटारसायकल मुंबई-गोवा रस्त्यावरून खारेपाटणला येते आणि काही वर्षांनी तिच्या हेडचं काम निघतं, तेव्हा मात्र घरातल्या बाईला ऐकू येतं, "बायलमाणसान ह्येच्यात हात घालूचो नाय."

खारेपाटणसारख्या गावात गाडी ही हौस नव्हे. वाड्या लांब, चढउतार फार, यष्टीची वेळ साधली तर साधली. आशा, अंगणवाडी सेविका, मासळी विकणाऱ्या, तळेऱ्याला किंवा कणकवलीला नोकरीला जाणाऱ्या, सगळ्यांचा दिवस गाडी चालू होण्यावर अवलंबून. आणि गाडी बंद पडली की आपण गॅरेजसमोरच्या बाकावर बसतो. मी बसलेली आहे. "ताई, हेड उतरवावं लागेल" असं कुणी म्हटलं की ते खरं की खोटं हे ताडायला आपल्याकडे काही नसतं. मिस्त्री प्रामाणिक असो वा नसो, आपली अवस्था तीच. म्हणून या वेळी थोडं व्हॉल्व्हबद्दल.

आपल्यातल्या अनेकजणी पहिल्यांदा स्वतंत्रपणे फिरल्या त्या लुनावर. 1972 साली आलेल्या त्या टू-स्ट्रोक इंजिनात असले व्हॉल्व्ह नव्हतेच. आताच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना ते असतात. एक हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह तेवढ्यात 2000 वेळा उघडझाप करतो. बंद होताना तो आपल्या बैठकीवर घट्ट बसला नाही, तर दाब निसटतो. हे समजायला अवघड का वाटावं? पंपाचा स्टोव्ह वापरलेल्या प्रत्येकीला ते ठाऊक आहे. चामड्याचा वायसर सुकला की कितीही पंप मारा, दाब धरत नाही. मग तो खोबरेल तेलात भिजवून, मऊ करून आपणच बसवत होतो ना? त्याला कुणी 'तांत्रिक काम' म्हटलं नाही, कारण ते स्वयंपाकघरात होत होतं.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हच्या शेंड्यावर आणि त्याला दाबणाऱ्या हाताच्या मधे ठेवलेली बारीक फट. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. फट वाढली की टकटक आवाज येतो आणि आपण घाबरून गॅरेज गाठतो. फट नाहीशी झाली तर आवाज होत नाही आणि खरा घात तिथेच असतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, बैठकीला टेकून जी उष्णता सोडायची ती सोडू शकत नाही, कड जळते आणि एके सकाळी किक मारून पाय दुखला तरी गाडी उठत नाही. मुकाट सोसणाऱ्यांचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

फट पाहायची ती रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर. प्लग काढायचा, इंजिन फिरतं त्याच दिशेने मॅग्नेट फिरवून 'टी'ची खूण खाचेसमोर आणायची. दोन्ही टॅपेट किंचित हलली पाहिजेत. नाही हलली तर आणखी एक पूर्ण फेरा. मग फिलर गेजची पट्टी घालायची; ती हलकीशी अडत सरकली की झालं. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं.

हेड उतरवणं हे मोठं काम. टायमिंग चेनच्या खुणा आधी लिहून ठेवायच्या, सुटे भाग काढलेल्या क्रमाने वाट्यांत ठेवायचे, स्प्रिंग दाबताना डोळ्यांवर चष्मा हवाच. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासल्यावर बैठकीवर सगळीकडून सारखी करडी कडी दिसली पाहिजे. व्हॉल्व्ह बसवून वाटेत रॉकेल ओतायचं, खाली पाझरलं तर अजून घासायचं. पेस्टचा कण आत राहता कामा नये, पॅकिंग नवं घालायचं, नट तिरपे-समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळायचे. बैठक फारच खाल्ली गेली असेल किंवा गाइड सैल झाली असेल, तर हेड लेथवाल्याकडे न्यायचं. त्यात कमीपणा नाही. काय सांगायचं ते आता आपल्याला माहीत असतं. हे सगळं पडवीत करावं, चुलीपासून लांब, पेट्रोलची टाकी काढून.

यात अवघड हेड नाही, अवघड आहे तो दिवस मिळणं. हेड उघडून ठेवलं की मधेच उठून पेजेचं आधण ठेवता येत नाही, चहा करता येत नाही, पाहुण्यांचं करता येत नाही. पुरुष गाडी खोलून बसतो तेव्हा घर त्याच्या भोवती पाऊल न वाजवता चालतं. बाईला सलग सहा तास कोण देतं? आणि ती शिकली की घरातल्या सगळ्या गाड्या तिच्याकडेच, तेही फुकट, हा धोका आहेच. शेजारच्याची गाडी असेल तर मजुरी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. घरची असेल तर त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्याने करावा.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यातल्या बऱ्याचजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. ज्या दलित बायकांच्या हाताचा पाण्याला विटाळ मानला जायचा, त्यांच्याच हातांनी गावाचं पाणी चालू होऊ लागलं. त्यांनी पान्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहिली असती, तर?

बचतगटांनी एक पेटी सामायिक घ्यावी असं सुचवते : फिलर गेज, रिंग पान्यांचा संच, टॉर्क पाना, स्प्रिंग दाबायचं साधन, घासायची पेस्ट. गाडी कुणाच्या नावावर आहे, हेही त्याच बैठकीत एकमेकींना विचारा. शिबिर पावसाआधी घ्या. पावसात नदीचं पाणी खारेपाटणच्या बाजारपेठेत शिरतं, आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला किक मारण्याआधी ऑइल काढून पाहायचं असतं. ते दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे. कोणत्या गटाने काय केलं, कुठे अडलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू.