पोराला दुकानात बसवण्याआधी

"सर, इसका नाम निकाल के देव." गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलाचे अब्बा माझ्यासमोर येऊन बसले. मावसभावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पोराला तिथं बसवायचं होतं. मी समजवायला लागलो तर म्हणाले, बीएड झालेली पोरं घरी बसलीत, तुम्हीच सांगा शिकून काय होतं. मी गप्प झालो. बीएड करून मी स्वतः किती वर्षं तासिका तत्त्वावर काढली, हे त्यांना ठाऊक आहे.

त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. पोरगा हाताचा हुशार. शाळेतलं बंद पडलेलं मशीन त्याने उघडलं, रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या, परत बसवली आणि मशीन सुरू केलं. हा हुन्नर आहे. मुस्लिम कामगारांत स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलंय. मग आपणच हाताच्या कामाला नाकं का मुरडतो?

काम भरपूर आहे. आपल्या पाच तालुक्यांत शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था, कुठंही जा, टेबलावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहेच. विजेचा लपंडाव आणि धूळ यांनी एसएमपीएस जळतो, यूपीएसची बॅटरी बसते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते पुष्कळ जुन्या मशीनांत नाही. अशा मशीनला एसएसडी बसवून, लिनक्स टाकून आणखी काही वर्षं चालवता येतं. पण ते करून देणारा माणूस गावात हवा ना.

मात्र नुसतं 'फॉरमॅट मारून' आता घर चालणार नाही. तेवढं तर ग्राहक यूट्यूब बघून स्वतः करतो. नव्या पातळ लॅपटॉपांत बऱ्याचदा रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिथं चिप लेव्हलचं काम लागतं. हॉट एअर, मायक्रोस्कोप, मल्टिमीटर, आणि बोर्डाचा नकाशा वाचता येणं. तो नकाशा इंग्रजीत असतो. नववीत शाळा सोडलेला पोरगा उस्तादाचं बघून हात चालवेल, पण व्होल्टेज कुठं आणि का अडलं हे त्याला कोण सांगणार? उस्तादच फॉरमॅटवर थांबलेला असेल तर?

आयटीआयला कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. अट दहावी पास. शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, पुढं शिकाऊ उमेदवारी करता येते, तीही विद्यावेतनावर. कार्यालयांची वार्षिक देखभाल घ्यायची तर कोटेशन, बिल, पत्रव्यवहार मराठीत करावा लागतो, आणि माझी उर्दू माध्यमाची मुलं नेमकी इथं अडतात. म्हणून मराठीच्या तासाला हल्ली मी दुरुस्तीची पावती लिहून घेतो: बिघाड काय, काय बदललं, हमी किती दिवसांची. निबंधापेक्षा पोरं ती मन लावून लिहितात.

आणि एक गोष्ट दरवेळी सांगतो. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये कुणाच्या घरचे फोटो असतात, कुणाचे बँकेचे कागद. ती अमानत आहे. छोट्या गावात एकदा बोभाटा झाला की दुकानाला कुलूपच.

मी अब्बांना म्हणालो, दाखला आज नेऊ नका. शाळा सुटल्यावर दोन तास त्याला दुकानात जाऊ द्या, दहावी होऊ द्या, मग आयटीआयचं बघू.

"आयटीआयनंतर काम मिळेलच, असं लिहून द्याल का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली आणि उठले. पोरगा अजून वर्गात येतो.